सहावी ब निवांत आहे

“सोड गं, श्वास सोड. घ्यायची काळजी तू करू नको. तो आपसूक येतोय.”

बाळाक्काचा हा आवाज वृषालीनं ऐकला तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. नांदरगीच्या मागवस्तीत भिंतींनासुद्धा यंत्रमागांचा खडखडाट चिकटलेला असे. बाळाक्का शेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरी. वृषालीच्या घरात ताटं आपटायला लागली, की ती पोर तिकडं पळे आणि कांडीमशिनीला टेकून थरथरत उभी राही. काय झालं, म्हणून बाळाक्का कधी विचारत नसे. नुसती ओवी धरी आणि पोरीलाही तिच्यात ओढून घेई. ओळ लांबवायची, छातीत फुंकरीएवढंही काही उरू नये इतकी लांबवायची. चार ओव्यांत हात थांबत, गुडघे थांबत, गळा मोकळा होई. मग वृषाली शाळेत जाई आणि चारचौघींसारखी ‘हजर’ म्हणे. कुणाला काही कळत नसे. माया म्हणजे हेच, असं ती समजत आली होती.

पुढे ती त्याच गावात शिक्षिका झाली. सहावी ब च्या म्हेत्रे बाई.

‘सोबत’ आलं त्या वर्षी तिला वाटलं, बाळाक्काच सरकारी नोकरीत लागली. योजना अगदी साधी होती. भांडण असो, आग असो, कुणाचा मृत्यू असो, पोलिसांना एखाद्या घरी जावं लागलं आणि तिथं शाळेत जाणारं मूल दिसलं, तर सकाळी घंटा व्हायच्या आत वर्गाच्या पडद्यावर त्या मुलाच्या नावापुढं एक शब्द उमटायचा, ‘जपून’. काय घडलं, कुणी केलं, यातलं काही नाही. बाईंनीही विचारायचं नाही, हा त्यातला पहिला नियम. त्या दिवशी गृहपाठ मागायचा नाही, फळ्यापाशी उभं करायचं नाही, बाकावर डोकं टेकलं तर टेकू द्यायचं.

ठाण्यातून हे काम हवालदार दीपाली साळोखे बघत. कागलकडची रांगडी बाई, बोलायला लागली की शेजारचा वर्ग गप्प व्हायचा. घर जळालेली एक मुलगी गणिताच्या तासाला बाईंच्या ओढणीखाली झोपली होती, तेव्हा साळोखे खिडकीतून डोकावून हळूच म्हणाल्या होत्या, “घोरतंय की गं. माझ्या नवऱ्याला मागं टाकंल.” आणि मग तोंड फिरवून बराच वेळ मैदानाकडं बघत राहिल्या होत्या. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. शाळा सुटल्यावर साळोखे भडंगाचा पुडा घेऊन येत, आणि दोघी पायरीवर बसत.

मग ‘सोबत’ला कान आले.

मेंदूच्या बुडातून एक लांब नस निघते. ती गळ्याला फांदी देते आणि पुढे काळजाकडं, पोटाकडं उतरते. भीती काळजाला पोचली की त्याच वाटेवरचा गळाही हलतो. माणूस हसून बोलला तरी आवाजाच्या लाटा एकसारख्या राहत नाहीत. एखादी बुटकी पडते, एखादी किंचित उशिरा येते. कानाला ते कळत नाही, पण मोजता येतं. मोजायला मात्र रोज एकच शब्द हवा, एकाच वेळी, त्याच तोंडातून. असा शब्द शाळेत आयताच होता. ‘हजर’.

फळ्याच्या वर मुठीएवढं यंत्र बसलं. ते बोलणं साठवत नसे, फक्त थरथर टिपत असे, आणि प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच मागच्या काही महिन्यांच्या आवाजाशी करत असे. सगळं नेहमीसारखं असलं की हिरवा दिवा लागे आणि नोंद होई, ‘निवांत’. काही दिवस सलग आवाज हलला की पिवळा दिवा लागे आणि सांगावा उलट दिशेनं जाई, शाळेकडून ठाण्याकडं.

“आता आम्हाला कुणाच्या फोनची वाट बघायला नको,” साळोखे खुशीत म्हणाल्या होत्या. “पोरगंच सांगतंय, न सांगता.”

पहिल्याच पावसाळ्यात अवधूतचा दिवा पिवळा झाला. त्याचा आजोबा शेवटच्या दुखण्यात होता, आणि पोरगं रोज त्याचा श्वास ऐकत त्याच्या उशाशी झोपत होतं. यंत्राला भीती कळत होती, तिचं कारण कळत नव्हतं. साळोखे रजेवर होत्या. दुसरे दोघे शिपाई वर्दीत दारात गेले. सगळी गल्ली जमली. चौकशीसाठी म्हणून बापाला ठाण्यात नेऊन बसवलं. तो सुटून परत आला तेव्हा आजोबा गेला होता. बापाच्या हातचं पाणी त्याच्या तोंडात पडलं नाही.

अवधूतची आई दाखला न्यायला आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “माझ्या पोरानं नुसतं हजर म्हटलं वो, बाई.”

ते घर गाव सोडून गेलं. त्यानंतरच्या सोमवारी वृषालीनं हजेरीचं पान उघडण्याआधी वर्गाला उभं केलं आणि ओवी धरली.

धोट्या रे माझ्या धोट्या, येशी-जाशी तू किती
माझ्या बाळीच्या छातीत नको ठेवू तुझी गती

मुलांना ती लगेच आवडली. बहुतेकांच्या घरात जुना माग कुठंतरी पडलेला होता. आडव्या धाग्याचा धोटा कसा पळतो ते आज्यांनी त्यांना हात हलवून दाखवलेलं होतं. बाईंनी ओळ लांबवली, मुलांनी लांबवली. छाती रिकामी होईपर्यंत श्वास सोडला की काळजाची धाव मंदावते, आणि त्याच नसेच्या वाटेनं गळाही सैल होतो. मग हजेरी. हजर, हजर, हजर. सगळे दिवे हिरवे.

काही दिवसांनी तिला कळलं. रात्री एका मुलाच्या घरी पोलीस गेले होते. सकाळी पडद्यावर त्याच्या नावापुढं ‘जपून’ होतं, आणि ओवीनंतर त्याच नावावरचा दिवा हिरवागार. यंत्राला कुणी फसवलं नव्हतं. मूल त्या क्षणी खरंच शांत झालं होतं. यंत्र मात्र त्या क्षणावरून सगळ्या घराचा अंदाज बांधत होतं.

साळोखेंना सांगावं असं तिच्या मनात आलं. मग अवधूतच्या आईचा आवाज आठवला. ती गप्प राहिली. माझ्या वर्गातल्या कुणाच्या दारात आता वर्दी जाणार नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि रात्री तिला चांगली झोप लागली.

वर्ष सरत आलं. सहावी ब चं नाव झालं. शिक्षणाधिकारी आले, ओवी ऐकून गेले, इतर शाळांतही परिपाठात ती घ्यायची असं ठरलं. मुख्याध्यापकांनी बाईंना शाल दिली. साळोखे चेष्टेनं म्हणाल्या, “तुमचा वर्ग म्हंजे कुल्फीचा गाडा, बाई. झाकण उघडंल तिथं गार.” वृषाली हसली. पण हातातलं भडंग तिनं पुड्यात परत टाकलं.

त्या वर्गात ओवी सगळ्यात सुरेख म्हणायची ती राजनंदिनी चौगुले. बारीक चणीची, कपाळावर कायम केसांची एक बट. इतरांचा श्वास संपे तिथं तिची ओळ मध्यावर असे. दिवाळीनंतर एकदा तिच्या नावापुढं ‘जपून’ आलं. शेजारच्यांनी फोन केला होता एवढंच साळोखे बोलल्या. वृषालीनं त्या दिवशी तिला खिडकीजवळ बसवलं, चित्राची वही दिली आणि नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. मुलीनं दिवसभर एकच पान निळ्या रंगानं भरलं.

पालकसभेला तिचा बाप आला होता. संग्राम चौगुले. नव्या पद्धतीच्या चार मागांचा मालक. कडक इस्त्री, बोलणं अदबीचं. म्हणाला, “तुमच्या गाण्यानं पोरगी सुधारली बघा, मॅडम. मी घरीपण रोज सकाळी म्हणून घेतो तिच्याकडनं. मगच शाळेला सोडतो.” वृषालीला त्याचं कौतुक वाटलं होतं.

आणि मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी राजनंदिनी आली नाही. ओवी सुरू झाली, पण वर्गाला तिचा सूर सापडेना. दुसरी ओळ चालू असताना साळोखे दारात दिसल्या. टोपी हातात होती. त्यांनी नुसती मान हलवून वृषालीला बाहेर बोलावलं.

व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून त्यांनी सांगितलं. मुलीची आई, रोहिणी, काल संध्याकाळपासून जिल्ह्याच्या दवाखान्यात बेशुद्ध होती. माळ्यावरून सुताचं पोतं काढताना पाय घसरून पडली, असं नवरा म्हणत होता. डोक्याला मार होता आणि दंडावर जुने डागही होते. पण डागांवर नाव लिहिलेलं नसतं. घरात तिसरं माणूस एकच, ती पोरगी. रात्री तिला बालगृहात ठेवलं होतं. ती जेवली नव्हती, रडली नव्हती, एक अक्षर बोलली नव्हती.

“आज दुपारी बालकल्याण समितीपुढं उभी करायची,” साळोखे म्हणाल्या. “बापानं ताबा मागितलाय. आणि त्याला मिळणार.”

“का मिळणार?”

साळोखेंनी तिच्याकडं असं बघितलं, जणू हे बाईंना तरी ठाऊक असायला हवं होतं. मूल गप्प असेल तर ‘सोबत’ची नोंद बघायची, असा नियम आता झाला होता. वर्षभर निवांत असलेलं मूल म्हणजे सुरक्षित घर. राजनंदिनीचं वर्ष एकाही पिवळ्या दिव्याशिवाय गेलं होतं. बापानं अर्जात तेच लिहिलं होतं.

मगच शाळेला सोडतो, असं तो म्हणाला होता. वृषालीला आत्ता ते वाक्य नीट ऐकू आलं. त्याला सगळं कळलं होतं. पहिल्या आठवड्यात जे तिला कळलं, तेच त्यालाही कळलं होतं, आणि त्यानं तिचीच ओवी कुलपासारखी वापरली होती.

तिनं सांगितलं. अवधूतच्या आईपासून सगळं. आत मुलं बाईंची वाट बघत तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि ती तिला असह्य होत होती.

साळोखे ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या.

“पंधरवड्यामागं त्या गल्लीतनं परत एकदा फोन आला हुता,” त्या म्हणाल्या. “कामं लई हुती. मी पोरीची नोंद काढून बघितली. हिरवा. म्हटलं, शेजाऱ्यांचं नळावरचं भांडण असंल. तुमच्या हिरव्या दिव्यावर भरवसा ठेवला, बाई, आणि मी त्या दारात गेलेच न्हाई.”



“दुपारी तिथं हे बोलशीला?” साळोखेंनी विचारलं. “नोकरी जाईल तुमची.”

वृषालीनं ‘हो’ म्हणून मान हलवली. नोकरीचं तिला त्या घडीला काही वाटत नव्हतं. संध्याकाळी त्या पोरीला बापाच्या गाडीत मागच्या सीटवर बसवून नेतील, तो तिला घरी घेऊन जाईल आणि उद्या सकाळी पुन्हा ओवी म्हणून घेईल, एवढंच तिला दिसत होतं.

समितीची खोली म्हणजे जुन्या कचेरीतल्या एका लांबट दालनाचा तुकडा होता. वर पंखा, भिंतीवर मुलांनी रंगवलेली फुलपाखरं. टेबलामागं अध्यक्षबाई होत्या, पेशानं डॉक्टर, केस पांढरे झालेल्या, आणि त्यांचे दोन सहकारी. राजनंदिनी भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, पण ते हलतही नव्हते. संग्राम चौगुले समोर हात जोडून उभा होता. डोळे सुजलेले. तो खरंच रडला असावा. वृषालीला त्याचीच जास्त भीती वाटली.

अध्यक्षबाईंनी नोंद पडद्यावर लावली. हिरव्या ठिपक्यांची रांग, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, पुढं आणि पुढं. एखाद्या शेताचं चित्र वाटावं इतकी हिरवी. त्या हळू आवाजात म्हणाल्या की इतकं स्वस्थ मूल त्यांनी वर्षभरात पाहिलेलं नाही.

वृषाली उभी राहिली. ओळख सांगितली. आणि ती नोंद तिनं बिघडवली आहे असं म्हणाली.

सांगायला लागली तेव्हा आवाज धड होता. अवधूतच्या आजोबापर्यंत धड राहिला. यंत्राला कसं कळेनासं झालं, तिला ते कधी समजलं आणि समजूनही ती कशी गप्प राहिली, इथपर्यंत आली आणि गळा फाटला. शब्द तुटून पडायला लागले. तिनं त्यांना सावरलं नाही. खुर्चीतल्या मुलीनं मान वर केली आणि पहिल्यांदाच कुणाकडं तरी बघितलं.

चौगुले नम्रपणे म्हणाला की मॅडमना पोरीचा लळा आहे, आई दवाखान्यात म्हणून त्यांना भरून आलंय, त्यांच्यावर कुणी रागावू नये.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. चेहऱ्यावर थकवा होता, वाईटपणा नव्हता. “तुम्ही बोललात ते लिहून घेतलंय, म्हेत्रे बाई. त्याचं जे व्हायचं ते वेगळं होईल. ही नोंद मी बाजूला ठेवते. पण ती बाजूला ठेवली म्हणजे माझ्यापुढं कोरी पाटी राहते. कोऱ्या पाटीवरून मी बापाला परका कसा ठरवू? शेजाऱ्यांचे फोन आले, पण तक्रार कुणी नोंदवलेली नाही. आई शुद्धीवर नाही. मुलगी बोलत नाही. मला काहीतरी द्या.”

सहकाऱ्यानं ताब्याचा कागद पुढं ओढला.

तेव्हा दारापाशी उभ्या असलेल्या साळोखे पुढं झाल्या. बापानं पाच मिनिटं बाहेर थांबावं, अशी त्यांनी अध्यक्षांना विनंती केली. तो म्हणाला, का, मी बाप आहे. साळोखे म्हणाल्या, “बाप हायसा म्हणूनच. चला, चहा घेऊ. मी पाजते.” आणि त्याच्या दंडाला धरून, सोयऱ्याला नेतात तसं, त्यांनी त्याला दाराबाहेर नेलं. दार लोटलं गेलं.

वृषाली खुर्चीपुढं खाली बसली. फरशीवर मांडी घालून. मुलगी आता तिच्याहून उंच दिसत होती. विचारायचं नाही, हा नियम तिनं वर्षानुवर्षं पाळला होता. त्याच नियमात ती लहानाची मोठी झाली होती.

“नंदू,” ती म्हणाली, “मी तुला कधी काही विचारलं नाही. दिवाळीनंतर विचारायला पाहिजे होतं. आज विचारते. काल घरी काय झालं?”

टेबलामागं कुणीतरी कागद खाली ठेवला.

“बाई, तुमचा आवाज हालतोय,” राजनंदिनी म्हणाली.

“हो. हालू दे.”

“पप्पा म्हणतात, आवाज हालला की पोलीस येतात.”

“आलेत, नंदू. बाहेर आहेत. या वेळी मला ते हवेत.”

मुलीनं फ्रॉकचा काठ दोन्ही मुठींत धरला. ती बोलायला लागली तेव्हा हा आवाज वर्गात कुणी ऐकलेला नव्हता, खरखरीत, मध्येच अडकणारा. टेबलामागं बसलेल्या तिघांनी पुढं वाकून ऐकलं.

“आई पडली न्हाई. पोतंबितं काय न्हवतं. ती माळ्यावरनं माझी कापडं काढत हुती. आम्ही मामाकडं जाणार हुतो, पप्पा यायच्या आत. आई म्हणाली, कुणाला सांगायचं न्हाई. पण पप्पा लवकर आले. त्यांनी मला दारातच विचारलं, आई कुठं निघालीय. आई वरनं मला मान हलवून न्हाई म्हणत हुती. मला दिसत हुतं.” ती थांबली. हनुवटी थडथड उडत होती, ती तिनं थांबवली नाही. “मी सांगितलं, बाई. मीच सांगितलं. मग पप्पा वर गेले आणि त्यांनी तिला ढकललं. खोटं बोलले असते तर माझा आवाज हालला असता.”